वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक मोटारीच्या बॅटरीची रोजची निगा

इलेक्ट्रिक मोटार दारात आलेल्या वाचकांच्या पत्रांत सध्या एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते : गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा वाटा ज्या बॅटरीचा, ती टिकवायची कशी? शोरूममधला विक्रेता एक सांगतो, सोसायटीतले जाणकार दुसरे सांगतात आणि मोबाइलवर फिरणारे संदेश तिसरेच काही सांगतात. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. दुचाकींविषयीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत, कारण त्यांच्या बॅटऱ्यांची रचना आणि त्यांना थंड ठेवण्याची व्यवस्था मोटारीपेक्षा बरीच वेगळी असते.

प्रश्न (नाशिक) : माझी गाडी रोज साधारण चाळीस किलोमीटर चालते. शोरूममध्ये सांगितले की बॅटरी शंभर टक्के भरली तरी काही बिघडत नाही. माझा भाचा मात्र ऐंशीच्या पुढे जाऊच नका म्हणतो. मी कोणाचे ऐकावे?

दोघेही बरोबर असू शकतात, कारण ते बहुधा दोन वेगळ्या जातींच्या बॅटऱ्यांविषयी बोलत आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारींत मुख्यतः दोन प्रकारचे लिथियम सेल असतात. एक लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचा, ज्याला एलएफपी म्हणतात; टाटाची नेक्सॉन आणि टियागो, एमजीची विंडसर, महिंद्राची बीई ६ या गाड्यांत तो असतो. दुसरा निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट यांचा, म्हणजे एनएमसी. ह्युंदाईची पहिली कोना आणि महिंद्राची एक्सयूव्ही ४०० ही त्याची उदाहरणे. आपल्या गाडीत कोणता आहे हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये समजेल, आणि बाकी कोणतेही नियम पाठ करण्याआधी ही एक गोष्ट माहीत करून घ्यावी.

एनएमसीचा सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. इतक्या दाबाखाली सेलमधला द्रव हळूहळू विघटित होत राहतो आणि त्या प्रक्रियेत कामाचे लिथियम कायमचे अडकून पडते. एकदा अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहून नेत नाही. गाडीची रेंज वर्षागणिक कमी होते ती मुख्यतः यामुळे. म्हणून एनएमसीची गाडी रोजच्या वापरात ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी आणि लांबच्या प्रवासाला निघायचे असेल तेव्हाच शंभर करावी, हा आपल्या भाच्याचा सल्ला योग्य आहे. मात्र एक बारकावा लक्षात ठेवावा. नुकसान शंभरला पोहोचल्याने होते त्यापेक्षा शंभरवर तासन् तास उभे राहिल्याने अधिक होते. पहाटे पाचला शंभर टक्के होऊन सहाला रस्त्याला लागलेली गाडी आणि शनिवारी रात्री शंभर करून सोमवारपर्यंत उन्हात उभी राहिलेली गाडी, यांत फार अंतर आहे.

एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो, म्हणजे त्याच्यावरचा ताण मुळातच कमी असतो. त्याची अडचण निराळी आहे. तीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत त्याचा दाब जवळजवळ बदलतच नाही; फरक असतो तो एका व्होल्टच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. त्यामुळे बॅटरीवर देखरेख करणाऱ्या संगणकाला, ज्याला बीएमएस म्हणतात, नुसता दाब मोजून आत किती वीज शिल्लक आहे हे ओळखता येत नाही. तो आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहतो आणि त्यात रोज थोडी थोडी चूक साचत जाते. बॅटरी पूर्ण भरली की दाब एकदम चढतो आणि बीएमएसला हिशेब जुळवण्याची खूण सापडते. शिवाय ३२० व्होल्टच्या एका बॅटरीत ३.२ व्होल्टचे सुमारे शंभर सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि त्यांची पातळी सारखी करण्याचे कामही बहुधा याच शेवटच्या टप्प्यात होते. म्हणून अशी गाडी आठवड्यातून एकदा, घरच्या सावकाश चार्जरवर, शंभर टक्के होऊ द्यावी. शोरूमने सांगितले ते याच अर्थाने. बाकीच्या दिवशी ऐंशी-नव्वदवर थांबवली तर तिचेही भलेच होते.

आपल्या गाडीत मर्यादा ठरवण्याची सोय नसेल तर हिशेब घड्याळावर करता येतो. तीस युनिटची बॅटरी आणि पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरचा तीन किलोवॅटचा चार्जर असेल, तर वाटेतली घट धरून तासाला साधारण नऊ टक्के भरतात. पन्नासवरून ऐंशीला जायला सव्वातीन-साडेतीन तास पुरतात. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाणाऱ्या गाडीला आपल्या चाळीस किलोमीटरसाठी सहा-सात युनिट, म्हणजे वीस टक्क्यांहून थोडे अधिक लागतात. तेव्हा रोज लावले काय किंवा एक दिवसाआड लावले काय, गाडी पन्नास ते ऐंशीच्या किंवा तीस ते ऐंशीच्या मध्ये राहील, आणि बॅटरीला हीच पातळी सर्वांत मानवते. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांप्रमाणे ‘आधी पूर्ण उतरवा, मग भरा’ हा नियम येथे लागू नाही, किंबहुना तो घातकच आहे. थोडी थोडी वापरून थोडी थोडी भरलेली बॅटरी अधिक काळ टिकते.

प्रश्न (अकोला) : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कचेरीत गाडी उघड्यावर उभी करावी लागते. बॅटरीवर याचा परिणाम होईल का? चार्जिंग दिवसा करावे की रात्री?

परिणाम होतो, आणि विदर्भातल्या वाचकांनी इतर सर्व सूचनांपेक्षा याच एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. बॅटरीच्या आत नको असलेल्या ज्या रासायनिक क्रिया चालू असतात, त्यांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. म्हणजे गाडी चालो वा न चालो, तापलेली बॅटरी म्हातारी होत असते.

याचा धडा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स या वाळवंटी शहरात मिळालेला आहे. २०१२ साली तेथल्या निसान लीफ गाड्यांच्या मालकांनी तक्रार केली की दीड-दोन वर्षांतच बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या कमी होऊ लागल्या. त्या गाडीत बॅटरीला थंड करण्याची कोणतीही चालती व्यवस्था नव्हती. थंड प्रदेशांत तीच गाडी बरी चालत होती. पुढे कंपनीने क्षमतेची वेगळी हमी दिली आणि उष्णता अधिक सोसणारे सेल आणले. आज आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत बॅटरीभोवती थंड द्रव फिरवण्याची व्यवस्था असते आणि तो द्रव गार करायला एसीचाच कॉम्प्रेसर मदत करतो. त्यामुळे फिनिक्सची पुनरावृत्ती अकोल्यात होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु ही व्यवस्था बहुतेक गाड्यांत गाडी चालू असताना किंवा चार्जिंग चालू असतानाच काम करते. कुलूप लावून उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी भोवतालच्या तापमानाच्या स्वाधीन असते.

सुदैवाने ती गाडीच्या तळाशी असते आणि तिचे वजन दोन-तीनशे किलो किंवा त्याहून अधिक असते. एवढे मोठे वजन लवकर तापत नाही, तसेच लवकर निवतही नाही. दुपारी दोन तास उन्हात उभी राहिली म्हणून लगेच काही होत नाही; पण सकाळी दहा ते सायंकाळी सहा रोज तापत्या डांबरावर उभी राहिली तर ती उष्णता रात्री उशिरापर्यंत आतच राहते. म्हणून झाडाची, इमारतीची, निदान हिरव्या जाळीची सावली मिळत असेल तर त्यासाठी शंभर पावले अधिक चालावे लागले तरी चालावे. डांबराऐवजी मातीची किंवा पेव्हर ब्लॉकची जागा मिळाली तर तीही बरी. उघड्यावर उभी करणे टळतच नसेल तर निदान भरलेली गाडी तेथे नेऊ नये. पन्नास-साठ टक्क्यांवरची बॅटरी तीच उष्णता पुष्कळ कमी नुकसानीत सोसते. उष्णता आणि पूर्ण भरलेली पातळी एकत्र आली की मात्र दोन्हींचा त्रास एकमेकांनी वाढतो.

चार्जिंगचे म्हणाल तर संध्याकाळी घरी आल्याआल्या प्लग लावण्याची सवय मोडावी. रात्री जेवणे होईपर्यंत गाडीला निवू द्यावे आणि चार्जिंग असे सुरू करावे की ते पहाटे, निघण्याच्या थोडे आधी संपेल. बहुतेक गाड्यांत किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये वेळ ठरवून ठेवण्याची सोय असते. त्यात दोन फायदे आहेत : चार्जिंग दिवसातल्या सर्वांत गार वेळी होते आणि भरलेली बॅटरी फार काळ तशीच उभी राहत नाही. सकाळी निघण्यापूर्वी, प्लग लावलेला असतानाच, पाच मिनिटे एसी चालू करून गाडी गार करून घेतली तर ती वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून जाते.

प्रश्न (ठाणे) : समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना वाटेत फास्ट चार्जर वापरावा लागतो. फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर खराब होते हे खरे का?

अधूनमधून वापरल्याने होत नाही. रोजचेच केले तर होते. तीस युनिटच्या बॅटरीत पन्नास किलोवॅटने वीज ढकलणे म्हणजे तासाभरात जेवढी तिच्यात मावते त्याच्या दीडपटीहून अधिक वेगाने ती भरणे. त्या वेगात सेल तापतात, आणि भरत आलेल्या सेलमध्ये लिथियमला आत शिरायला जागा मिळेनाशी झाली की ते पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते. हे होऊ नये म्हणूनच बीएमएस ऐंशी टक्क्यांच्या आसपास चार्जिंगचा वेग एकदम कमी करतो. त्यामुळे महामार्गावर ऐंशीच्या पुढे थांबून राहण्यात वेळही जातो आणि मागच्या गाडीवाल्याचाही खोळंबा होतो. दहा-पंधरा टक्क्यांवर पोहोचावे, ऐंशीला निघावे, हा प्रवासातला उत्तम क्रम आहे.

ज्यांच्या घरी चार्जिंगची सोय नाही आणि ज्यांना सार्वजनिक फास्ट चार्जरवरच अवलंबून राहावे लागते, त्यांनी निदान चार-पाच फास्ट चार्जिंगनंतर एकदा कोणाकडे तरी सावकाश चार्जरवर गाडी पूर्ण भरून घ्यावी.

समृद्धीविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर १२० किलोमीटरच्या वेगाची परवानगी आहे म्हणून पुष्कळ जण तेवढ्याच वेगाने जातात आणि रेंज निम्मी झाली म्हणून बॅटरीला दोष देतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरवरून एकशेवीसला गेलात की हा रोध ४४ टक्क्यांनी अधिक होतो. एवढी वीज सतत खेचली गेल्याने बॅटरी तापते आणि ती तशीच तापलेली असताना आपण फास्ट चार्जर लावतो. उन्हाळ्यात अशा वेळी चार्जर अपेक्षेपेक्षा सावकाश भरत असेल तर तो बिघडलेला नसतो. बीएमएस बॅटरीला जपत असतो. नव्वद-पंच्याण्णवच्या वेगाने गेल्यास चार्जिंगचा एक थांबा वाचू शकतो, आणि वाटेत टायर फुटण्याचा धोकाही कमी होतो. निघण्यापूर्वी टायरमधली हवा मात्र थंड टायरवरच तपासावी.

प्रश्न (चिपळूण) : पावसात चार्जिंग करणे सुरक्षित आहे का? आमच्या भागात पुराचे पाणी घरात शिरते. अशा वेळी इलेक्ट्रिक गाडीचे काय करावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चार्जिंगची गन गाडीत नीट बसून गाडी आणि चार्जर यांच्यात संदेशांची देवाणघेवाण पूर्ण झाल्याखेरीज तारेतून मुख्य वीज वाहतच नाही, त्यामुळे साध्या पावसात चार्जिंग करण्यात धोका नाही. भिंतीवरचा सॉकेट मात्र पागोळ्यांखाली नसावा, त्याला झाकण असावे, आणि विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवावा. कारण तारांवरून येणारा विजेचा लोट गाडीतल्या चार्जरचे नुकसान करू शकतो.

दुसरा प्रश्न गंभीर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत किती चढले होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मोटारींच्या बॅटऱ्यांवर बहुधा आयपी ६७ असे मानांकन लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की बॅटरीची पेटी एक मीटरपर्यंतच्या पाण्यात तीस मिनिटे ठेवली तरी आत पाणी शिरत नाही. ही चाचणी नव्या पेटीवर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ आणि स्थिर पाण्यात केलेली असते. पुराचे पाणी तीस मिनिटांत ओसरत नाही, त्यात गाळ असतो, आणि तळाला कधीतरी गतिरोधक लागून पत्रा चेपलेला असेल तर पेटीचे सील पहिल्यासारखे राहिलेले नसते. म्हणून या मानांकनाच्या भरवशावर गाडी पाण्यात घालू नये. रस्त्यावरचे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेले दिसले की थांबावे, आणि पुराचा इशारा आला की सामान वर चढवण्याच्या आधी गाडी उंचावर नेऊन ठेवावी.

गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर तिला चार्जर लावू नये आणि सुरू करूनही पाहू नये. ती घरापासून आणि इतर गाड्यांपासून दूर, मोकळ्या जागेत राहील असे पाहावे आणि सर्व्हिस सेंटरला कळवावे. नेताना चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच न्यावी; चाके फिरवत ओढून नेली तर मोटर आपोआप वीज तयार करू लागते. किनाऱ्याजवळच्या वाचकांनी अधिक सावध राहावे, कारण खाडीचे खारे पाणी वीज वाहून नेते आणि आतल्या जोडण्या गंजवते. २०२२ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर इयन चक्रीवादळाच्या वेळी खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना पाणी ओसरल्यानंतर, काही वेळा अनेक दिवसांनी, आगी लागल्या. वरून सुकलेली गाडी आतून ठीक असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवून सर्व्हिस सेंटरने तपासून लेखी दिल्याशिवाय ती पुन्हा अंगणात आणू नये.

प्रश्न (डोंबिवली) : आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेत पाच महिन्यांसाठी जात आहोत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहील. बॅटरी पूर्ण भरून चार्जरला लावून ठेवावी का?

नाही. भरून ठेवणे ही पेट्रोलच्या टाकीची सवय येथे उपयोगाची नाही. पन्नास ते साठ टक्क्यांवर आणून, चार्जर काढून, सावलीत ठेवावी. मोठी बॅटरी आपसूक फारशी उतरत नाही. महिन्याला एक-दोन टक्के कमी झाले तर ते स्वाभाविक आहे. वीस टक्क्यांच्या खाली ठेवून मात्र जाऊ नये, कारण पूर्ण रिकामा झालेला सेल तसाच पडून राहिला तर तो पुन्हा उभा राहीलच असे सांगता येत नाही.

परत आल्यावर गाडी उघडली नाही अशी तक्रार बहुतेक वेळा मोठ्या बॅटरीची नसतेच. इलेक्ट्रिक मोटारीतही दिवे, कुलपे आणि संगणक चालवणारी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. उभ्या गाडीतला मोबाइल जोडणीचा भाग तिच्यावर चालू राहतो आणि काही आठवड्यांत ती बसते. मग मोठ्या बॅटरीत साठ टक्के वीज असूनही गाडी जागी होत नाही. काही गाड्या अधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप भरतात, काही भरत नाहीत. आपली गाडी कोणत्या प्रकारातली आहे ते पुस्तिकेत पाहावे. शेजारच्या विश्वासू माणसाकडे किल्ली देऊन पंधरा-वीस दिवसांनी अर्धा तास गाडी ‘रेडी’ स्थितीत चालू ठेवायला सांगितले आणि जमल्यास आवारातच थोडी पुढे-मागे करायला सांगितली, तर छोटी बॅटरीही भरलेली राहील आणि टायरही एकाच जागी दबून राहणार नाहीत. येत्या-जात्या त्यांना उंदरांवरही लक्ष ठेवायला सांगावे. पावसाळ्यात बंद उभ्या गाडीतल्या वायरी ते कुरतडतात, आणि ती दुरुस्ती सोपी नसते.

प्रश्न (पाचगणी) : घरून शंभर टक्के चार्ज करून वाईकडे घाट उतरताना गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही, ब्रेक अधिक दाबावा लागतो. काही बिघाड असेल का?

बिघाड नाही. उतारावर मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत परत पाठवते आणि त्यामुळेच गाडी मंदावते. परंतु भरलेल्या बॅटरीत ती वीज ठेवायला जागा नसल्याने बीएमएस ही क्रिया जवळजवळ बंद करतो. पाचगणी ते वाई हा उतार साधारण पावणेसहाशे मीटरचा आहे. दीड टन वजनाची गाडी तो उतरते तेव्हा हिशेबाने दोन युनिटहून थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते, आणि त्यातली बरीचशी परत मिळू शकते. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी नव्वद टक्क्यांवरच चार्जिंग थांबवावे. वीज वाचेल, बॅटरीवरचा ताण कमी होईल आणि पसरणीच्या वळणांवर ब्रेकही तापणार नाहीत.

प्रश्न (सांगली) : घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग करताना प्लग हाताला गरम लागतो. याने बॅटरी खराब होईल का?

बॅटरी खराब होणार नाही. सावकाश चार्जिंग तिला मानवतेच. पण घराला धोका आहे. गिझर पंधरा-वीस मिनिटे चालतो, गाडी तेवढीच वीज आठ-दहा तास सलग खेचते. प्लग कोमट लागणे ठीक आहे. बोट ठेववत नसेल किंवा सॉकेटच्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल तर चार्जिंग लगेच थांबवावे. चांगल्या वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग करून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नये.

प्रश्न (कोल्हापूर) : चार वर्षांची वापरलेली इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळते आहे. बॅटरी चांगली आहे हे कसे ओळखावे?

प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण पहिल्या पिढीतल्या पुष्कळ गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. पडद्यावर दिसणाऱ्या रेंजच्या आकड्यावर विसंबू नये. तो मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो आणि मालकाने दोन दिवस सावकाश चालवली तरी तो सुधारतो. गाडीने कापलेले अंतरही पूर्ण गोष्ट सांगत नाही. रोज सत्तर किलोमीटर चाललेली आणि रात्री सावलीत थांबलेली गाडी, कमी चाललेल्या पण वर्षानुवर्षे भरून उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते.

सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल मागावा. त्यात मूळ क्षमतेच्या किती टक्के शिल्लक आहे हे असते, आणि सेलसेलमधल्या दाबाचा फरकही असतो. हा दुसरा आकडा आवर्जून पाहावा. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने बैलजोडीतला एक बैल दमला की गाडी त्याच्याच चालीने चालते, तशी सबंध बॅटरी तिच्यातल्या सर्वांत अशक्त सेलच्या हिशेबाने चालते. अशा गाडीत पडद्यावरचे टक्के वीसपर्यंत सुरळीत उतरतात आणि मग अचानक पाच-सातवर येतात. हे लक्षण दिसले तर किंमत कितीही आकर्षक असली तरी सौदा सोडून द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

स्वतः पडताळून पाहायचे असेल तर मालकाच्या संमतीने एक दिवस गाडी मागून घ्यावी. रात्री सावकाश चार्जरवर शंभर टक्के करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि नेहमीच्या रस्त्याने वीस टक्के उरेपर्यंत चालवावी. समजा वापरासाठी उपलब्ध मूळ क्षमता तीस युनिट आहे. मग ऐंशी टक्के म्हणजे चोवीस युनिट खर्च झाले पाहिजेत. पडद्यावर सरासरी खर्च आणि अंतर यांवरून एकूण २१.६ युनिट आले, तर आजची क्षमता २७ युनिट, म्हणजे मूळच्या नव्वद टक्के ठरते. चार वर्षांच्या गाडीला ते समाधानकारक आहे. वर्षाला साधारण दोन टक्क्यांची घट सर्वसामान्य वापरात दिसून येते, आणि सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत ती थोडी अधिक असून पुढे मंदावते. ऐंशीच्या खाली आकडा आला तर कारण विचारावे आणि किंमत त्या प्रमाणात कमी करून मागावी. जाहिरातीतली क्षमता आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता यांत फरक असतो, म्हणून तुलना दुसऱ्या आकड्याशी करावी, नाहीतर चांगल्या बॅटरीवरही उगाच संशय येईल.

बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात आणि त्या काळात क्षमता ठरावीक मर्यादेच्या, बहुधा सत्तर टक्क्यांच्या, खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल करून देतात. ही हमी दुसऱ्या मालकाला तशीच मिळते की कमी होते, हे कंपनीगणिक वेगळे असते. काही वाढीव हमी फक्त पहिल्या मालकापुरत्याच असतात. गाडीचा तळ कधी आपटला होता का आणि सर्व्हिसच्या सर्व नोंदी अधिकृत केंद्राच्या आहेत का, हेही पाहावे, कारण हमी नाकारली जाते ती बहुधा याच दोन कारणांवरून. पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या पेटीचा खालचा पत्रा स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा, आणि हमी आपल्या नावावर होईल असे कंपनीच्या केंद्राकडून लेखी आल्यावरच व्यवहार पुरा करावा.